जांबोटी रस्त्यावरच्या घराला मॅन्सार्ड छप्पर: रेव्हिटमध्ये उतार मोडायचा कसा?

रेघोटी_टिळकवाडी

नमस्कार मंडळी. मी बेळगावात एका आर्किटेक्टकडे दीड वर्षापासून ड्रॉइंगचं काम करते. खानापूर तालुक्यात जांबोटी रस्त्याला एक घर आलंय. मालकांचा मुलगा फ्रान्सला राहून आलाय, त्याला तिथल्यासारखं छप्पर हवंय. खालचं पाखं जवळजवळ उभं, वरचं निजलेलं, आणि मधल्या जागेत राहता येईल अशी खोली. मालकीणबाईंची अट एकच, कौलं आपलीच पाहिजेत.

आमच्याकडे रेव्हिट आहे, इमारतीचं त्रिमिती मॉडेल करायचं सॉफ्टवेअर. वरच्या मजल्याचा आयत ७२०० बाय १०००० मिलिमीटर. रूफ बाय फूटप्रिंट (तळाच्या आकारावरून छप्पर उभं करायची आज्ञा) घेतलं, चारही रेषांना ७० अंशांचा उतार दिला आणि ओके केलं, तर छप्पर सरळ वर निघून गेलं. आढं ९८९० मिलिमीटरवर! घराच्या डोक्यावर अजून तीन मजले. एका रेषेला दोन उतार देता येत नाहीत, हे तिथे कळलं. मग चार वेगळी पाखी करून कोपऱ्यावर जोडायला गेले, दोन दिवस गेले आणि कोपरे काही जुळले नाहीत.

मला २४०० उंचीवर उतार मोडायचाय. खाली ७०, वर २५ किंवा ३०. कुणी केलंय का? सुटे तुकडे न जोडता करायचा मार्ग आहे का? सोमवारी सेक्शन, म्हणजे घराचा उभा छेद, द्यायचाय.

मार्कंडेय

कटऑफ लेव्हल. छप्पर सिलेक्ट कर, प्रॉपर्टीजमध्ये बघ, तिथेच आहे.

पागोळी

मार्कंडेय, एवढ्यावर तिला कसं कळणार? सविस्तर लिहिते.

रेघोटी, आधी एलिव्हेशनमध्ये (घराच्या समोरून दिसणाऱ्या ड्रॉइंगमध्ये) जाऊन एक नवी लेव्हल काढ, माळ्याच्या तळापासून २४०० वर. तिला 'मोड' असं नाव दे, पुढे शोधायला सोपं जातं. तू केलेलं ७० अंशांचं छप्पर आहे तसंच राहू दे, ते चुकलेलं नाही. त्याच्या कटऑफ लेव्हलला 'मोड' निवड. शिखर कापलं जाईल आणि वर आयताकृती भोक उरेल. आता 'मोड' लेव्हलच्या प्लॅनमध्ये जाऊन दुसरं फूटप्रिंट रूफ घे, त्या भोकाच्या कडांवरून रेषा उचल आणि ३० अंश दे. झालं. कोपरे आपोआप जुळतात, कारण दोन्ही छपरं स्वतःपुरती साधी चौपाखी असतात.

चार पाखी वेगळी करायच्या फंदात पडू नकोस. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं.

कडोली_एक्स्प्रेस

मी स्केचअपवाला. आमच्याकडे हे काम पाच मिनिटांचं आहे. भिंतीच्या कडेला छपराचा उभा छेद काढा, आयताची कड निवडा, फॉलो मी ही आज्ञा चालवा, छेद कडेभोवती फिरतो. दोन्ही उतार एकदम येतात.

पागोळी

येतात की. पण ते नुसतं आकारापुरतं. उद्या कौलं किती, रीप किती, विचारलं की पुन्हा मोजणी आलीच. मालकाला रंगीत चित्र दाखवायला स्केचअप उत्तम, त्यात वाद नाही.

तिसरं_रेल्वे_गेट

आर्किकॅडमध्ये मल्टी-प्लेन रूफला मुळातच पातळ्या देता येतात. पहिल्या पातळीला ७० अंश आणि उंची, दुसरीला ३० अंश, एकच छप्पर, एकच वस्तू. रेव्हिटमध्ये दोन छपरं करावी लागतात ही त्याची मर्यादाच आहे. पण ऑफिसात जे आहे त्यातच काम करायचं असतं, तेव्हा पागोळी सांगतात तेच कर.

वेदगंगा_निपाणी

विषय सोडून एक विचारू? हे मॅन्सार्ड म्हणजे नक्की काय? आमच्याकडे दुपाखी, चौपाखी असं म्हणतात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी सगळ्या कौलारू, पण अशी मोडलेली पाखी कधी पाहिली नाहीत.

हलशीकर

वेदगंगा, चौपाखीच समजा, फक्त प्रत्येक पाखाला मधे गुडघा. दोनच बाजूंना असं केलं तर त्याला गँब्रेल म्हणतात, चारही बाजूंना केलं की मॅन्सार्ड. नाव फ्रान्स्वा मान्सार या वास्तुकारावरून पडलं (१५९८ ते १६६६), पण त्याच्या आधी सोळाव्या शतकात पिएर लेस्कोने पॅरिसच्या लूव्र राजवाड्याच्या बांधकामात हा प्रकार वापरला होता. मान्सारने तो इतका वापरला की नाव त्याचं राहिलं.

पॅरिसमध्ये हा प्रकार फोफावला त्याला एक कारण उंचीच्या नियमाचं आहे. १७८३ च्या कायद्याने इमारतीच्या उंचीवर २० मीटरची मर्यादा घातली, पण उंची मोजायची ती कॉर्निसपर्यंत, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या पुढे आलेल्या पट्टीपर्यंत. त्यावर छपरात बसवलेली खोली मोजणीत येत नव्हती. मग कोण सोडतंय? पुढे तिसऱ्या नेपोलियनच्या काळात ओस्मानने शहर नव्याने बांधलं तेव्हा रस्तेच्या रस्ते या छपरांचे झाले.

आणि तिथे वरच्या निजलेल्या भागाला जस्ताचा पत्रा असतो, कौल नाही. पॅरिसच्या जस्ती छपरांच्या कारागिरीला युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हा रेघोटी, मालकांच्या मुलाने जे पाहिलंय ते जस्त आणि स्लेट, म्हणजे पाटीच्या दगडाच्या पातळ फरश्या. मालकीणबाई मागतायत ती कौलं. सॉफ्टवेअरच्या आधी हा प्रश्न सुटायला हवा असं मला वाटतं.

कडोली_एक्स्प्रेस

मला तर मुळातच पटत नाही. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस माहीत नाही का? मलप्रभा उगमते तिथे. साधं चौपाखी घाला, पाणी सरळ खाली. मधे मोड कशाला? प्रत्येक मोड म्हणजे गळायची जागा.

पागोळी

कडोली, तुमची काळजी खरी आहे, पण आकडा बघा. पाच फूट, म्हणजे १५०० मिलिमीटर डोक्याला मिळतात तेवढीच जागा वापरायची धरली, आणि छप्पर माळ्याच्या तळापासूनच सुरू होतंय असं धरलं, तर ३० अंशांच्या साध्या चौपाखीत ७२०० रुंदीपैकी २००० च्या आसपास उरतात. लांबीत ४८००. म्हणजे साडेनऊ चौरस मीटर, एक खोलीही नीट होत नाही. तेच खालचा उतार ७० केला की रुंदी ६१०० आणि लांबी ८९००. ५४ चौरस मीटर. त्याच पायावर, भिंत न वाढवता. घरात लग्नाची पोरं असतील, पाहुणे-रावळे असतील, तर हा फरक लहान नाही.

कडोली_एक्स्प्रेस

आकडा मान्य. गळतीचं बोला.

खानापूरची_माती

गळतीचं मी बोलतो. आमच्या आजोबांनी आयुष्यभर खानापुरात कौलांच्या भट्टीवर काम केलं. खानापूरची माती लालभडक, कुंभारकामाला नावाजलेली. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था तिथे आहे ती उगाच नाही. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, त्यावरून मंगलोरी कौल हे नाव पडलं, पण घडण तीच ठेवून आपल्याकडेही कौलं भाजली जायची.

ताई, मंगलोरी कौल हातात घेऊन उलटं करून बघ. वरच्या कडेला रिपेवर अडकायला उंचवटे असतात आणि मागच्या बाजूला भोक पाडलेला एक कान असतो. त्या कानाकडे आजकाल कुणी बघतही नाही, कारण ३० अंशांवर कौल स्वतःच्या वजनाने बसून राहतं. ७० अंशांवर ते बसत नाही, लटकतं. तिथे प्रत्येक कौल त्या कानातून तारेने रिपेला बांधावंच लागतं. एकही सोडायचं नाही. पश्चिमेचा वारा आत शिरला की सुटं कौल उचलून टाकतो.

दुसरी गोष्ट, वरचा उतार २५ नको. आपल्या पश्चिम पट्ट्यात ३० घे. कौलांच्या सांध्यात पाणी उलटं चढतं, विशेषतः आषाढातल्या झडीत.

तिसरी आणि सगळ्यात मोठी. मोडावर वरचं कौल खालच्या कौलाच्या पुढे आलं पाहिजे. कड कडेला टेकवून चालणार नाही. चांगलं तीन बोटं पुढे, आणि खाली जस्ती पत्रा वाकवून. वरच्या पाखाची पागोळी सांध्यात न पडता खालच्या पाखावर पडली पाहिजे.

रेघोटी_टिळकवाडी

सगळ्यांचे खूप आभार. कटऑफ जमलं! शिखर कापलं गेलं तेव्हा ऑफिसात ओरडलेच. पण आता दोन नवे घोटाळे झालेत.

पहिला, खालच्या छपराला वळचणीशी जवळजवळ ४४० मिलिमीटर उंचीची उभी पट्टी येतेय, जाड भिंतीसारखी. छपराची जाडी मी १५० दिलीय, मग ४४० कुठून आले?

दुसरा, खानापूरदादांनी सांगितलं म्हणून वरचं छप्पर ७५ मिलिमीटर पुढे काढलं, तर ते खालच्या छपरापासून अधांतरी उचललं गेलं. मधे फट दिसतेय. सेक्शनमध्ये हे असं दाखवलं तर सर रागावतील.

मार्कंडेय

१५० भागिले कोसाइन ७०. ४३९ येतात. जाडी काटकोनात १५० च आहे, पण कड उभी कापली की तिरक्या वस्तूचा उभा छेद लांब दिसतो. ३० अंशांच्या छपराला हे १७३ येतं म्हणून कधी लक्षात येत नाही. राफ्टर कट (वळचणीची कड कापायची रीत) बदल, टू कट (दोन काप) घे आणि फॅसिया डेप्थ, म्हणजे उभ्या पट्टीची उंची, १५० दे.

पागोळी

आज मार्कंडेयांनी पाच वाक्यं लिहिली, नोंद घ्या मंडळी 🙂

रेघोटी, फटीचं उत्तरही तसंच भूमितीत आहे. कागदावर काढ, मी सांगते तशी.

२४०० उंचीवर खालच्या छपराची आतली कड मूळ रेषेपासून ८७३ आत असते. बाहेरची कड ७१३ आत. मधलं अंतर १६०, म्हणजे १५० भागिले साइन ७०. भोकाच्या कडेवरून रेष उचलताना यातली कुठली कड उचललीस हे नीट बघ. मी आधी नुसतं 'कडांवरून उचल' म्हणाले, तिथे माझं सांगणं अपुरं होतं. बाहेरची कड उचलायची, आणि तिथून ७५ बाहेर जायचं.

आता रेव्हिट छपराचा खालचा पृष्ठभाग तू काढलेल्या रेषेतून, बेस लेव्हलच्या उंचीवरून नेतो. तुझी रेष ७५ बाहेर आहे. तिथून ३० अंशांनी वर चढत आत येईपर्यंत तो पृष्ठभाग ७५ गुणिले टॅन ३०, म्हणजे ४३ मिलिमीटर वर गेलेला असतो. ती तुझी फट. बेस लेव्हल 'मोड' ठेव आणि बेस ऑफसेट (त्या लेव्हलपासून वर-खाली सरकवायचं अंतर) उणे ४३ दे. खालच्या छपराच्या बाहेरच्या कडेवर वरचं छप्पर बरोबर टेकेल.

आढ्याचा खालचा पृष्ठभाग माळ्याच्या तळापासून साधारण ४०७० वर येईल. ९८९० वरून ४०७० वर आलीस.

रेघोटी_टिळकवाडी

टेकलं! बाहेरून रेषेला रेष मिळाली. पण ताई, आतल्या बाजूला अजून लहानसं त्रिकोणी पोकळ दिसतंय. बाहेरच्या कडेवर शून्य, आतल्या कडेला ९२ मिलिमीटर. ते कसं भरू? जॉइन जिऑमेट्री करून बघितलं, जात नाही.

पागोळी

गणिताने बरोबरच आहे, १६० गुणिले टॅन ३०. ते भरायचं कशाला, हा माझा प्रश्न आहे. खानापूरकर, तुम्ही सांगा.

खानापूरची_माती

भरू नकोस ताई. ती तुळईची जागा आहे.

छपराचे वासे हवेत मोडत नाहीत. खालचा उभा वासा जिथे संपतो आणि वरचा निजलेला वासा जिथे सुरू होतो, तिथे चारही बाजूंनी एक तुळई फिरते. दोघंही तिच्यावर बसतात. सुतार तिची वरची कड उतारानुसार तासून घेतो. तुझं त्रिकोणी पोकळ म्हणजे त्या तासलेल्या तुळईचं डोकं. मॉडेलमध्ये तिथे बीम टाक, म्हणजे सुताराला वेगळं सांगायला नको.

हलशीकर

किती छान. संगणकाने फट दाखवली आणि सुताराने तिला नाव दिलं.

तिसरं_रेल्वे_गेट

एक सावधगिरीची सूचना. उद्या सरांनी मोड २४०० ऐवजी २१०० वर आणायला सांगितला आणि तू नुसती लेव्हल खाली ओढलीस, तर खालचं छप्पर बरोबर कापलं जाईल, वरचंही खाली येईल, पण वरच्या छपराची रेष जागची हलणार नाही. २१०० वर खालच्या छपराची बाहेरची कड ७१३ ऐवजी ६०४ आत येते. वरचं छप्पर तोकडं पडेल आणि पुढे आलेलं ७५ नाहीसं होऊन सांधा उघडा पडेल. त्रिमितीत लांबून पटकन दिसतही नाही. उंची बदलली की वरचं स्केच उघडून रेषा पुन्हा उचलायच्याच.

मला हे एका बंगल्याच्या कामावर कळलं. ड्रॉइंग तसंच साइटवर गेलं, लोखंडी फ्रेम कापून झाली होती, आणि पुन्हा कापावी लागली. मालक समजूतदार म्हणून निभावलं.

वेदगंगा_निपाणी

लोखंडी फ्रेम म्हणालात म्हणून विचारते. लाकूड आता परवडतं का? आमच्या जुन्या वाड्याचे सागवानी वासे काढून बॉक्स पाइपवर कौलं घातली. दिसायला तेच. पण भर दुपारी लोखंड तापतं, माळ्यावर बसवत नाही. सासूबाई म्हणायच्या, कौलाखाली लाकूड असलं की घर श्वास घेतं.

कडोली_एक्स्प्रेस

श्वासाचं तंत्र साधं आहे काकू. आढ्याशी गरम हवा निघायला वाट ठेवा, वळचणीला आत यायला जाळी ठेवा. मॅन्सार्डात खोली छपराच्या अगदी पोटात असते, तेव्हा हे हवंच. फ्रेम लोखंडी करा, कौलाखाली फळ्या मारा, आणि फळीत नि कौलात बोटभर पोकळी सोडा.

आणि हो, गळतीवरचं माझं म्हणणं मी थोडं मागे घेतो. तुळई फिरवून, पत्रा वाकवून, तीन बोटं पुढे काढून केलं तर टिकेल.

मार्कंडेय

डॉर्मर? छपरातून पुढे येणारी खिडकी.

रेघोटी_टिळकवाडी

हो, तोही प्रश्न होताच. पूर्वेला दोन आणि दक्षिणेला एक खिडकी आहे. पश्चिमेला ठेवलीच नाही, पावसामुळे.

पागोळी

पश्चिम सोडलीस ते फार बरं केलंस. डॉर्मरच्या तीन लहान भिंती उभ्या कर, त्यावर लहान दुपाखी छप्पर घाल, ते जॉइन रूफने खालच्या मोठ्या छपराला जोड. मग डॉर्मर ओपनिंग घेऊन आधी मोठं छप्पर निवड, नंतर डॉर्मरचं छप्पर आणि भिंतींच्या आतल्या कडा निवड. रेषा एकमेकींना भिडून बंद आकार झाला की भोक पडतं. डॉर्मरचं आढं मोडाच्या खालीच राहू दे, म्हणजे तुळई कुठे कापावी लागणार नाही. वर गेलं तर दोन्ही छपरांना भोक पाडणं आलं आणि सुताराचं काम दुप्पट.

रेघोटी_टिळकवाडी

मंडळी, सोमवारचा वृत्तांत.

सेक्शन सरांना आवडला. मोडाचा तपशील एकास दहा मापात वेगळा काढला, तुळई, पत्रा, कानातून गेलेली तार, सगळं दाखवून. तार मॉडेलमध्ये टाकली नाही, सेक्शनवर हाताने रेषा काढली.

दुपारी साइटवरचे मेस्त्री ऑफिसला आले. ते कन्नड बोलतात, कौलाला हंचु म्हणतात, माझं कन्नड बाजारापुरतं. मी बोलायला शब्द शोधत होते, पण त्यांनी तो एकास दहाचा कागद पुढे ओढला, मोडाच्या तुळईवर बोट ठेवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, ही किती इंची? म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. मग त्यांनी माझ्याच पेन्सिलीने पत्र्याची रेष दीड इंच आणखी खाली ओढली आणि टोकाला बाहेर वाकवली. म्हणाले, टोक सरळ ठेवलं तर पाणी पत्र्याच्या पाठीला चिकटून परत लाकडावर येतं. संध्याकाळी मॉडेलमध्ये तसं केलं.

मालकीणबाईंना कौलाचा कान उलटा करून दाखवला. बाई म्हणाल्या, माहेरच्या घरावर असं प्रत्येक कौल बांधलेलं होतं, वडील दर वैशाखात तारा तपासायचे.

खानापूरची_माती

पत्र्याचं टोक वाकवायचं माझ्याकडून सांगायचं राहिलं होतं. मेस्त्री जाणकार आहेत, त्यांना सोडू नका. तार मात्र गॅल्व्हनाइज्ड घ्या, साधी दोन पावसाळ्यांत गंजते.

हलशीकर

घर उभं राहिलं की फोटो टाक. आणि मालकांच्या मुलाचं काय म्हणणं?

रेघोटी_टिळकवाडी

त्याने मॉडेल फिरवून फिरवून पाहिलं आणि विचारलं की तिथे छप्पर राखाडी दिसतं, हे लाल कसं. आईने उत्तर दिलं, खानापूरची माती लालच असते.

आता एक शेवटचं. डॉर्मरच्या दोन्ही अंगांना मोठ्या छपराशी जो सांधा येतो, तिथल्या पन्हळाला पत्रा किती रुंद घेऊ? मेस्त्री नऊ इंच म्हणतात, सर सहा म्हणतात.

खानापूरची_माती

नऊ. आणि कौलाखाली चार इंच तरी गेला पाहिजे. आमच्या घराच्या पन्हळाचा फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.